गावात मिटलेला तंटा कागदावर कसा मिटवायचा?

प्रश्न असा आला आहे: 'आमच्या गावात चुलत भावकीचा वाद आहे. आजोबांच्या काळात दोन घरांनी तोंडी जमिनीची अदलाबदल केली, सातबारे मात्र जुन्याच नावांवर राहिले. पुढे भांडण झालं, एकाने दुसऱ्याचा शेतात जायचा रस्ता अडवला, थोडी मारहाण झाली, आणि आता नऊ वर्षं तालुक्याच्या कोर्टात तारखा चालू आहेत. तंटामुक्ती समिती आहे, पण तिचा फक्त फलक उरलाय. ग्रामन्यायालय, लोकअदालत, फिरतं न्यायालय अशी नावं कानावर येतात. यातलं खेड्यातल्या माणसाच्या खरंच उपयोगाचं काय?'

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवर अनेक वर्षं आहे, लोकअदालतीत दोन्ही बाजूंनी बसलो आहे. तुम्ही सांगितलेला प्रकार मराठवाड्यात काय, पश्चिम महाराष्ट्रात काय, दर दोन-चार गावांआड सापडतो. उपयोगाच्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत. अडचण अशी की प्रत्येक योजनेचं दार वेगळं आहे आणि तुमच्या एका भांडणात तीन वेगळी भांडणं गुंतलेली आहेत. ती सुटी केल्याशिवाय कुठल्याही दारात जाऊन काही हाती लागणार नाही.

आधी तंटामुक्तीबद्दल, कारण गावात पहिलं नाव तिचंच निघतं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. कल्पना चांगली होती. ग्रामसभेने समिती नेमायची, दिवाणी, महसुली आणि तडजोडयोग्य फौजदारी वाद गावात बसून मिटवायचे, वर्षभर चांगलं काम झालं की लोकसंख्येप्रमाणे गावाला लाखांत बक्षीस. पहिल्या काही वर्षांत खरोखर कामं झाली. वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात न गेलेली माणसं समितीसमोर चहा प्याली, हे मी पाहिलंय. पण बक्षिसाला आकडे लागतात, आणि आकड्यांसाठी 'मिटले' असं लिहिणं सोपं असतं. बांधाचा वाद समितीच्या रजिस्टरात मिटायचा, पुढच्या पेरणीला तोच बांध पुन्हा कोरला जायचा.

याचं कारण माणसांच्या खोटेपणात कमी आणि कागदात जास्त आहे. समितीसमोर झालेली तडजोड, शंभराच्या किंवा पाचशेच्या बाँडवर लिहून, पोलीस पाटलाची सही घेऊन, नोटरी करून ठेवली तरी ती कोर्टाचा हुकूमनामा होत नाही. समोरचा फिरला तर त्या कागदावर थेट दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज, लावता येत नाही. तो कागद पुरावा म्हणून घेऊन नव्याने दावा करावा लागतो. म्हणजे नऊ वर्षांच्या जागी पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरुवात. सातबाऱ्यावर तर त्या बाँडने काहीच होत नाही. जमिनीचा हक्क इकडून तिकडे जाणारा व्यवहार नोंदणीशिवाय तलाठी फेरफाराला घेणार नाही, आणि घेऊही नये. (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच म्हणतात.)

म्हणून समिती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. बोलणी करायला गावाइतकी चांगली जागा नाही. कुठला आंबा कोणाच्या आजीने लावला, विहिरीत पहिली पाळी कोणाची, हे न्यायाधीशाला कधी कळणार नाही, गावातल्या म्हाताऱ्याला ते पाठ असतं. फक्त बोलणी गावात आणि शिक्कामोर्तब लोकअदालतीत, एवढं पक्कं धरा.

लोकअदालत हा शब्द आपण सरकारी शिबिराशी जोडतो, पण त्याची मुळं खेड्यातली आहेत. गुजरातमध्ये छोटा उदेपूरच्या आदिवासी भागात, रंगपूरला, हरिवल्लभ पारीख या गांधीवादी कार्यकर्त्याने १९४९ पासून आश्रमात उघड्यावर लोकांचे तंटे ऐकायला सुरुवात केली होती. नंतर १९८२ मध्ये जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे न्यायव्यवस्थेच्या पुढाकाराने लोकअदालत भरली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण अंमलात आला तो ९ नोव्हेंबर १९९५ ला. या कायद्याच्या कलम २१ मुळे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो. त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. समोरचा फिरला तर नवा दावा नाही, सरळ दरखास्त.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. लोकअदालतीत जाण्यासाठी दावा आधीपासून कोर्टात असण्याची गरज नाही. दाखलपूर्व प्रकरण म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज देता येतो. समिती समोरच्याला नोटीस काढते, दोघांना बोलावते, जमलं तर निवाडा होतो. गावात मिटलेला वाद या वाटेने नेला तर महिन्या-दोन महिन्यांत त्याला हुकूमनाम्याची ताकद येते. तंटामुक्ती समित्यांनी ही एक सवय लावून घेतली असती तर आज फलक गंजले नसते.

पण लोकअदालतीकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. तिथलं पॅनेल निकाल देत नाही. दोघांची संमती असेल तरच निवाडा. 'न्यायाधीश साहेब समोरच्याला दोन शब्द सुनावतील' अशा आशेने लोक येतात आणि हिरमुसून जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जलौर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केलंय की संमतीशिवाय लोकअदालत स्वतःच्या मताने रक्कम किंवा हक्क ठरवू शकत नाही. आणि वर्तमानपत्रात राष्ट्रीय लोकअदालतीनंतर हजारो-लाखो प्रकरणं निकाली निघाल्याची बातमी येते, ती वाचून हुरळून जाऊ नका. त्यात बँकांची थकबाकी, वाहतूक चलनं, ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी यांचा मोठा वाटा असतो. तीही मिटावीत, कर्जदाराला व्याजात सूट मिळते हे खरंच आहे. पण भावकीच्या जमिनीचा वाद त्या एका शनिवारी घाईघाईत मिटत नाही. त्याची बोलणी आधी दोन-तीन बैठकांत व्हावी लागतात आणि त्या शनिवारी फक्त सह्या.

फिरतं लोकन्यायालय हा याचाच गाडीवरचा अवतार. राज्य विधी सेवा प्राधिकरणाची व्हॅन निवृत्त न्यायाधीशांना घेऊन तालुक्या-तालुक्यांत, मोठ्या गावांत जाते. ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा शाळेत प्रकरणं घेतली जातात, सोबत कायद्याचं शिबिर असतं. म्हाताऱ्या माणसाला एसटीने तालुक्याला जावं लागत नाही, हा फायदा वरवर लहान दिसतो. माझ्या अनुभवात मोठा आहे. प्रतिवादी बाई घरातून उठून समोरच्या शाळेत येते. तालुक्याला तिला कोणी नेलं नसतं. तारखा तालुका समितीत समजतात. सरपंचाने पत्र देऊन आपल्या गावात थांबा मागावा, मागणाऱ्या गावाचा विचार होतो.

ग्रामन्यायालयाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण कायदा सुंदर आहे आणि प्रत्यक्षात फार थोडं आहे. ग्रामन्यायालय कायदा २००८ चा, लागू झाला २ ऑक्टोबर २००९ ला. न्यायाधिकारी हा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा, त्याने ठरावीक काळाने गावांत जाऊन बसायचं, पुराव्याच्या कायद्याच्या तांत्रिकतेत अडकायचं नाही, दिवाणी वादाची फी १०० रुपयांवर जाणार नाही, वाद सहा महिन्यांत संपवायचा. शेताची वाट, पाण्याची पाळी, किमान वेतन, हे सगळं त्याच्या कक्षेत. पण कायद्यातलं कलम ३ राज्याला ग्रामन्यायालय स्थापन 'करता येईल' असं म्हणतं, 'केलं पाहिजे' असं म्हणत नाही. केंद्राची मदत एका न्यायालयाला एकदाच १८ लाख आणि पहिली तीन वर्षं आवर्ती खर्चासाठी थोडी रक्कम, पुढे सगळं राज्याच्या अंगावर. देशभरात अपेक्षा हजारोंची होती, चालू आहेत ती काहीशे. आपल्याकडे अधिसूचित झालेल्या बऱ्याच ठिकाणी तालुक्याचेच न्यायाधीश ठरावीक दिवशी तिथे बसतात. तुमच्या तालुक्यात असेल तर जरूर वापरा. नसेल तर त्याची वाट पाहत वर्षं घालवू नका.

आता तुमच्या भांडणाकडे. मी म्हटलं तसं ते सुटं करतो.

पहिलं, अडवलेला रस्ता. हे काम दिवाणी न्यायालयाआधी तहसीलदाराचं. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६, कलम ५. यात अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज लागतो, आणि नेमकी हीच मुदत लोक गावातल्या बैठकांत घालवतात. 'आधी गोडीने बघू' म्हणत हंगाम जातो, सहा महिने उलटतात, मग तहसील गाठतात. गोडीने जरूर बघा, पण अर्ज देऊन बघा. अर्ज दिला म्हणून बोलणी थांबत नाहीत. उलट समोरचा लवकर बसतो. तुमची मुदत तर केव्हाच गेली असणार. मग दुसरी वाट महसूल संहितेच्या कलम १४३ ची, बांधावरून नवा रस्ता मागण्याची. तहसीलदार जागेवर येऊन पाहतो, कमीत कमी नुकसान होईल असा बांध निवडतो. मात्र रस्त्याचाच दावा दिवाणी न्यायालयात चालू असेल तर तहसीलदार तिकडे बोट दाखवील. म्हणून या मुद्द्याची तडजोड दाव्यातच करून घेणं तुम्हाला सोयीचं पडेल.

दुसरं, अदलाबदल. यासाठी राज्य सरकारने २०२३ मध्ये आणलेली सलोखा योजना जणू तुमच्या आजोबांना समोर ठेवून लिहिली आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं चालू असेल, तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क १००० रुपये आणि नोंदणी फी १००० रुपये. एरवी बाजारभावावर मुद्रांक भरायचा म्हटलं तर बागायतीत लाखाच्या घरात जातो, आणि त्या खर्चापायीच पिढ्यान्‌पिढ्या तोंडी अदलाबदली कागदावर आल्या नाहीत. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर पंचनामा करतात, शेजारचे खातेदार सांगतात की हो, ताबा असाच आहे. एकाचं क्षेत्र दुसऱ्याहून थोडं कमी-जास्त असलं तरी चालतं. फक्त शेतजमीन हवी, घराच्या जागेला ही सवलत नाही. योजना मुदतीची आहे आणि मुदत वाढवली गेली आहे, तेव्हा दस्त करायच्या वेळी ती चालू आहे ना एवढं दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण बहुतेक तडजोडी पुढे इथेच फुटतात. सातबाऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्या सह्या. बहिणींच्या सुद्धा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क दिला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. त्यामुळे नाव लागलेलं असो वा नसो, आत्या आणि बहिणी यांना विचारल्याशिवाय केलेली तडजोड त्यांना बांधत नाही. भाऊबीजेला बोलावून हक्कसोडपत्रावर अंगठा घेणारी घरं मला माहीत आहेत. समितीत सगळे पुरुष, तडजोड 'गावाच्या इज्जतीची', आणि जिचा वाटा गेला ती त्या बैठकीत हजरच नाही. अशा तडजोडीला मी वकील म्हणून सही करत नाही आणि तुम्हीही पुढाकार घेऊ नका. बहीण स्वखुशीने सोडत असेल तर तिने ते तालुक्याला येऊन, स्वतंत्र वकिलाशी बोलून सोडावं. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीचा वकील मोफत मिळतो, कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, आपत्तीग्रस्त यांनाही तसाच. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

तिसरं, मारहाणीची केस. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी एवढीच कलमं असतील तर ती आपसात मिटण्याजोगी आहेत आणि त्याच लोकअदालतीत त्याच दिवशी मिटवावीत. जमिनीचं मिटलं आणि फौजदारी तशीच राहिली तर दोन वर्षांनी समन्स येतं, जखम पुन्हा उघडते. गंभीर दुखापतीचं किंवा हत्याराचं कलम लागलं असेल तर वकिलाला दोषारोपपत्र दाखवा. जे गुन्हे कायद्याने तडजोडयोग्य नाहीत ते लोकअदालतीत येतच नाहीत.

ओघात आलंय म्हणून सांगतो. काही गोष्टी गावात 'मिटवायच्या' नसतातच. बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार, बालविवाह, ॲट्रॉसिटी. यात पंच बसवणं म्हणजे गुन्हा दडपणं. जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तंटामुक्ती समिती आणि जातपंचायत यांतला फरक काही गावांत फार पुसट असतो, हे मी कडवटपणे लिहितोय. नवऱ्याच्या मारझोडीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'संसार आहे, सांभाळून घे' असं सांगून परत पाठवणाऱ्या समित्या मी पाहिल्या आहेत. तिला तिथे न नेता पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष साहाय्य कक्षात न्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला हा प्रयोग पुढे राज्यभर पसरला. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. पोलीस जवळ असतात, पण बाईशी बोलतात त्या कार्यकर्त्या. माझ्या मते महाराष्ट्रात ग्रामीण बाईसाठी झालेल्या न्यायाच्या प्रयोगांत हा सगळ्यांत कसदार, आणि सगळ्यांत कमी माहीत असलेला.

परत तुमच्या दाव्याकडे. तडजोड ठरली की ती लिहायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. 'वादी व प्रतिवादी यांनी एकमेकांशी सलोख्याने वागावे व रस्ता द्यावा' असे निवाडे मी वाचले आहेत. त्यावर दरखास्त लावली की कोर्टाचा बेलीफ बांधावर उभा राहून विचारतो, कुठला रस्ता? तडजोड पुरसीसमध्ये (दोघांच्या सहीने कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी कागदात) गट क्रमांक, कोणत्या बाजूचा बांध, कुठून कुठपर्यंत, रुंदी किती फूट, बैलगाडी आणि ट्रॅक्टर दोन्ही जाणार का, उसाच्या हंगामात ट्रक चालेल का, मुरूम कोण टाकणार, पाईप आडवा जाणार असेल तर किती खोल, हे सगळं लिहा. सोबत हातनकाशा जोडा, त्यावर दोघांच्या सह्या. त्याहून चांगलं म्हणजे भूमी अभिलेखकडून आधी हद्द कायम मोजणी करून घ्या आणि तोच नकाशा निवाड्याचा भाग करा. मोजणीची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरली की पुढे 'तुझी मोजणी' हा वाद निघत नाही. रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करून घेण्याची अटही पुरसीसमध्येच टाका.

एक बारकावा वकिलांच्याही नजरेतून सुटतो. दाव्यात ज्या गटाचा उल्लेखच नाही असा गट तडजोडीत आणला, तर तेवढ्यापुरता तो हुकूमनामा नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवावा लागतो. बोलणी करता करता 'ते जाऊ दे, त्याऐवजी विहिरीजवळचा तुकडा घे' असं होतं, आणि तो तुकडा दाव्याबाहेरचा असतो. मग मंडळ अधिकारी फेरफार नामंजूर करतात आणि लोक म्हणतात कोर्टाचा कागद तलाठी मानत नाही. तुमच्या बाबतीत मी अदलाबदल निवाड्यात ओढणार नाही. रस्ता आणि मनाई हुकमाचा वाद निवाड्यात मिटवा, अदलाबदलीचा दस्त सलोख्याखाली दुय्यम निबंधकाकडे करा, आणि निवाड्यात एवढंच लिहा की दोघे अमुक तारखेपर्यंत तो दस्त करून देतील, न दिल्यास काय. दस्त आधी झाला आणि पुरसीस नंतर दिली तर आणखी उत्तम.

समोरचा बसायला तयार नसेल तर? तुमच्या वकिलाला सांगून दावा मध्यस्थीसाठी पाठवण्याचा अर्ज द्या, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली. लोकअदालतीच्या गर्दीपेक्षा मध्यस्थी निवांत असते, प्रशिक्षित मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलतो, आणि तिथे बोललेलं पुढे पुराव्यात वापरता येत नाही. नऊ वर्षं भांडलेली माणसं बहुतेक वेळा जमिनीपेक्षा कुठल्यातरी लग्नात झालेल्या अपमानाला धरून बसलेली असतात. तो बंद खोलीत निघतो, चावडीवर निघत नाही.

आता करायचं ते एवढं. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय दिवाणी न्यायालयाच्या इमारतीतच असतं. तिथे दोन्ही घरांतल्या एकेकाने मिळून जा, पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख विचारा आणि दावा तिथे ठेवण्याची विनंती द्या. सोबत दोन्ही गटांचे ताजे सातबारे, आठ-अ, जुने फेरफार, गटाचा नकाशा आणि फौजदारी केसचा नंबर न्या. अर्जाला फी नाही. तलाठ्याकडे सलोख्याच्या पंचनाम्याचा अर्ज त्याच आठवड्यात टाका, कारण पेरणी सुरू झाली की भाऊसाहेबही पीक पाहणीत अडकतात आणि शेजारचे खातेदारही पंचनाम्याला शेत सोडून येत नाहीत.